गळ्यातली गोजरा

आधी जेवायचं की आधी बघायचं, हा वाद कामशेतचा बाजार सोडल्यापासून चालू होता आणि गाडी बंद पडलेल्या भातगिरणीच्या अंगणात उभी राहिली तरी मिटला नव्हता.

"आधी बघून घेऊ," सरोजिनी म्हणाली. "पोटात भात पडला की ह्यांचे डोळे मिटतात. पोरीनं दोन वर्षं घातलीत त्यात."

"माझे डोळे टीव्हीपुढं मिटतात," हौशीराम म्हणाला. "हे वेगळं हाय. हे माझ्या आईचं हाय."

मागच्या सीटवर खिडकीशी कस्तुराबाई डब्यांची पिशवी पायांत धरून बसली होती. ती आता ऐंशीला टेकली होती. ह्या घरात आली तेव्हा सतराची होती आणि हौशीराम दीड वर्षाचा. त्याची आई गोजरा त्याआधी सहा महिने तापानं गेली होती. गोजराचा फोटो नाही. वडिवळ्यात तेव्हा फोटो काढायला कोण येणार होतं? राहिला तो टाक. गोजराच्या पायातली चांदीची जोडवी आटवून सोनारानं अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा केला, त्यावर हात जोडलेली बाई उठवली, आणि लग्नाच्या मांडवात तो टाक काळ्या दोऱ्यात ओवून कस्तुराच्या गळ्यात बांधला. सवतीचा टाक. तो आधी, मंगळसूत्र नंतर. पहिलीला मान दिला नाही तर ती दुसरीला नांदू देत नाही, असं मानायचे.

"तुजी आय ही, हितं हाय," हौशीरामच्या आत्यानं त्या पत्र्याला बोट लावून त्याला शिकवलं होतं. "आन् ही मावशी." पोरगं हुशार होतं. एकदा शिकलं ते शिकलं. दर सर्वपित्रीला कस्तुराबाई पाटावर बसते, हौशीराम वाकून तिच्या गळ्यातल्या टाकाला हळदकुंकू लावतो आणि नमस्कार करतो. कस्तुराबाईचा गळा मध्ये येतो, त्याला कुणाचा इलाज नसतो. हौशीरामचे वडील, आबा, वारले तेव्हा मंगळसूत्र उतरलं. टाक राहिला.

इंद्रायणी दारात उभी होती. छत्तीस वर्षांची, केस वर बांधलेले, पँट गुडघ्यापर्यंत वाळलेल्या चिखलानं कडक झालेली. ही पोरगी नक्की काय करते, ह्याची सरोजिनीकडे तीन उत्तरं होती. तळेगावच्या माहेरच्यांना ती "नृत्यात आहे" म्हणून सांगायची, वडिवळ्याच्या सासरच्यांना "शूटिंगचं काम करते", आणि लग्नाचं विचारायला येणाऱ्यांना "प्रदर्शनं असतात तिची" म्हणायची. तिन्ही खरी होती. फक्त तिन्ही एकाच वेळी, एकाच खोलीत, एकाच माणसाच्या अंगावर कशी घडतात, हे तिला स्वतःलाही आज पहिल्यांदाच दिसणार होतं.

"चपला बाहेर," इंद्रायणी म्हणाली. "निलेशदादा, फोन बंद. बंद म्हणजे बंद, उलटा ठेवायचा नाही. आज फक्त तुम्ही. उद्या बाकीचे."

बाकीचे म्हणजे पुण्याहून साठेक जण, आणि शिवाय हौशीरामनं बोलावलेले. बेगडेवाडी स्टेशनातले त्याच्या बरोबरीचे चार पेन्शनर, गावचे सरपंच, भावकी. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून बत्तीस वर्षं झेंडी दाखवली, पण आपल्या नावावर कुणाला काही बघायला बोलवावं असा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता. त्यानं प्रत्येकाला स्वतः फोन केला होता. "माझ्या आईवर केलंय पोरीनं. या बघायला."

काळा पडदा सारून ते आत गेले.

गिरणीचं यंत्र कधीच भंगारात गेलं होतं. उंच छप्पर आणि भिंतींत मुरलेला कोंड्याचा वास तेवढा उरला होता. छपरापासून दोऱ्यांना शेकडो पत्रे लोंबत होते, प्रत्येकावर तीच हात जोडलेली बाई, आणि पंखा फिरला की त्या सगळ्या बायका एकमेकींवर आपटून बारीक वाजायच्या. मधोमध विटांचा बुटका कठडा करून, आत ताडपत्री अंथरून चिखल ओतला होता, भाताच्या एका खाचराएवढा नाही, पण पाच-सहा बायका ओणव्या राहतील एवढा. कठड्याच्या आतल्या कडेला, चिखलालगत, एक कॅमेरा लावला होता. चिखलात जे उतरेल ते त्याच क्षणी डावीकडच्या भिंतीवर, कितीतरी पटींनी मोठं दिसे. समोरच्या भिंतीवर फिल्म.

"चिखल कुठून आणलास?" निलेशनं विचारलं.

"धरणाच्या कडेचा. तुझ्याच ट्रॉलीवाल्यानं टाकला."

"माझ्याकडनं डिझेलचे म्हणून पैसे घेतले त्यानं," निलेश म्हणाला, आणि अपेक्षानं नवऱ्याला कोपरानं गप्प केलं.

कस्तुराबाईला पहिली खुर्ची मिळाली. हौशीराम तिच्या मागे बसला. दिवे गेले.

*

सुरुवातीला हौशीरामला फार बरं वाटलं.

पडद्यावर मावशीचे हात होते. नुसते हात, सूप आणि तांदूळ. सूप वर जाई, खाली येई, आणि गळ्यातला टाक मागेपुढे झुलून मध्येच एकदा चमके. मग इंद्रायणी चिखलात उतरली. खरीखुरी, त्यांच्यासमोर. ओणवी झाली, आणि तिचे हात सुपाच्या त्याच तालात वरखाली होऊ लागले. हा नाच आहे हे हौशीरामला कळायला वेळ लागला, पण कळल्यावर त्याला वेगळंच काही दिसायला लागलं. पोरीचे हात मावशीचे होते. हातांची ती लकब पोरगी सुट्टीत येऊन येऊन मावशीकडनंच उचलून गेली होती. पण ती खांद्यांची रुंदी, ती वाकलेली पाठ? सरोजिनीच्या माहेरी अशी पाठ कुणाची नाही. आबांची नव्हती. मग ही पाठ कुणाची? साठ वर्षांत पहिल्यांदा त्याला आपली आई मागून दिसत होती.

आणि तेवढ्यात फिल्ममधून मावशीचा आवाज आला.

"गोजराशी बोलू कशी? ती न्हाईच हितं." सुपाची एक झटक. "ती वड्याकडल्या खाचरात हाय. पन्नास वर्सं झाली. भात लावताना दोरा तुटला. कवा तुटला, कळलं बी न्हाई. सांजच्याला हात गळ्याशी गेला तं गळा मोकळा." सूप थांबलं. हात तसेच राहिले. "तीन दिस शोधलं. सासूला म्हनलं, तण काढते. मंग बाजारातनं दुसरा करून आणला. कुनाला कळलं न्हाई. टाकावरली बाई काय, समद्यांची सारखीच असती."

वर टांगलेल्या बायका वाजल्या.

"हौशाला न्हाई सांगायचं," आवाज म्हणाला. "त्येची आय हाय ती."

फिल्म पुढे चालू राहिली. चिखलातल्या इंद्रायणीनं गुडघे टेकले, दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले आणि ओंजळी भरभरून उपसायला लागली. हौशीरामची खुर्ची मागे सरकली. दाराचा पडदा हलला, दुपारचं ऊन एक क्षण आत येऊन सगळं पांढरं करून गेलं, आणि तो बाहेर होता.

*

ह्या घरात कुणी दुखावलं की दुसरं कुणीतरी ताटं मांडायला घेतं. अपेक्षानं वजनकाट्याच्या ओट्यावर डबे उघडले. तांदळाच्या भाकरी, वालाचं बिरडं, मिरचीचा ठेचा. कुणीही हात लावणार नाही हे तिला माहीत होतं, पण हातांना काम हवं होतं.

हौशीराम कुंपणाकडे तोंड करून उभा होता.

"तुला तेवढं काढता आलं नसतं?" निलेश बहिणीवर घसरला. "एवढी मोठी फिल्म. तेवढीच दोन मिनिटं ठेवायची होती?"

"त्या दोन मिनिटांवरच बाकीचं उभं आहे," इंद्रायणी म्हणाली. चिखल तिच्या कोपरांवरून गळत होता. "मी कुणाची, हे शोधायला निघाले दादा. एकीचं रक्त आहे, तिला चेहरा नाही. दुसरीचे हात आहेत, तिचं नातं नाही. आणि मध्ये तो टाक. तोसुद्धा खरा नाही, हे कळल्यावर मी काय करायला हवं होतं?"

"भाऊंना सांगायला हवं होतंस. घरात. चहा पिताना," निलेश वडिलांकडे बोट करून म्हणाला. "भिंतीवर नाही."

सरोजिनी आजवर लेकीच्या बाजूनं उभी राहिली होती. शिक्षण, एकटीनं परदेशी राहणं, न केलेलं लग्न, सगळ्यात. चाळीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई, तिला खोटं बोलणारं पोर लांबून ओळखू येई. "इंद्रा," ती म्हणाली, "आज्जीला विचारलं होतंस?"

"हातांचं विचारलं होतं."

"आवाजाचं?"

इंद्रायणीनं कोपरावरचा चिखल निपटून काढला. मग म्हणाली, "मी तिला म्हटलं होतं, आवाज घेत नाही, नुसते हात. माइक सवयीनं चालू राहिला. नंतर सापडलं."

"आणि सापडल्यावर?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असती."

"म्हणून विचारलं नाहीस," सरोजिनी म्हणाली, आणि जाऊन अपेक्षाशेजारी ओट्यावर बसली. आपण लेकीपासून उठून सुनेशेजारी बसलो, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. तिनं भाकरीवरचा कपडा नीट केला.

"मला एक कळत नाही," अपेक्षा हळूच म्हणाली. आजेसासूशी तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. एक चहात साखर कमी घालायची, दुसरी त्यावर दिवसभर बोलायची. "त्यांचं चुकलं काय? तिशीचीसुद्धा नसेल तेव्हा बाई. माझ्या गळ्यात कुणी असं दुसरीला बांधलं असतं तर मी मुद्दाम टाकून दिलं असतं."

तेव्हा हौशीराम वळला.

"मुद्दामच टाकलं आसंल," तो म्हणाला.

"तीन दिस शोधलं म्हनती. कुनी बघितलं? तिला दोन लेकरं झाली, दोन्ही राहिली न्हाईत. गाव म्हनायचं, गोजरा जगू दिना. मग राग आला आसंल. दिलं आसंल भिरकावून चिखलात." त्याचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं, असं सरोजिनीला वाटलं. "आन् मी त्या बाजारच्या पत्र्याच्या पाया पडतोय. पन्नास वर्सं. ती पाटावर बसून बघती. गप."

"भाऊ," निलेश म्हणाला, "ते ओढ्याकडचं खाचर..."

वाक्य पुरं करायची गरज नव्हती. पाच वर्षांपूर्वी ओढ्याकडची जमीन निलेशच्या सांगण्यावरून बंगल्यांच्या स्कीमला दिली, तेव्हा कस्तुराबाई चार दिवस जेवली नव्हती. कारण सांगेना. म्हातारीला हाव सुटली म्हणून भावकी हसली. चौथ्या दिवशी हौशीरामचा तोल गेला आणि तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तुमचं काय पुरलंय का मावशी तितं?" ती त्याच्याकडे बघत राहिली होती, तोंड जरासं उघडं. मग उठली आणि जेवायला बसली. त्या दिवशी घरात सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं.

"सही मी केली," हौशीराम म्हणाला. "आई त्या मातीत हाय, आन् सही मी केली." तो खाली बघत होता. "उद्याचं रद्द करा. मी समद्यांना फोन करतो. आन् आता घरी चला. तिला बोलवा."

*

कस्तुराबाई खुर्चीतून उठलीच नव्हती. एक दिवा लागला होता, फिल्म संपून समोरची भिंत पांढरी पडली होती, चिखलालगतचा कॅमेरा तेवढा चालू राहिला होता. ती वर टांगलेल्या बायका बघत होती.

"आवाज लय मोठा येतो गं माजा," इंद्रायणी आली तेव्हा ती म्हणाली. "गिरनीभर."

इंद्रायणी तिच्या पायाशी बसली. "आज्जी, मी काढून टाकू? आत्ता."

"घेताना इचारलं न्हाईस. आता काढताना इचारतीस." तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाजीत मीठ कमी पडलंय हे ती ह्याच आवाजात सांगायची. "हौशा रडतोय व्हय भायेर?"

"नाही."

"मंग लय लागलं आसंल त्येला." तिनं पदर सारखा केला. "काय म्हनतोय?"

इंद्रायणीला खोटं बोलता आलं असतं. आज सकाळपर्यंत तिला ते सहज जमलं असतं. "म्हणतात, तू मुद्दाम टाकलंस."

कस्तुराबाईनं मान हलवली, नाही म्हणून नाही आणि हो म्हणूनही नाही. रोज सकाळी उठून पहिला हात गळ्याशी न्यायचा, दुसरीचा मान आधी करायचा आणि मग चूल पेटवायची. कंटाळा आला नव्हता का? आला होता. दुसरं लेकरू गेलं त्या रात्री तिनं दोरा दातात धरला होता. पण सकाळी हौशा तापला होता, आणि तिनं दोरा सोडून त्याच्या कपाळावर पट्टी ठेवली होती. हे कुणाला सांगायचं? ज्याला सांगायचं त्याला तर वाटतंय, झालंच होतं तसं.

तिचं लक्ष चिखलाकडे गेलं.

"ते मगाशी हात घालून तू काय करत व्हतीस?"

"शोधत होते. तू शोधलंस तसं."

"आसं शोधत्यात?" कस्तुराबाईला पहिल्यांदाच काहीतरी खटकलं. "हातानं उपसलं की चांदी आनखी खाली जाती. आन् रोपं निघत्यात हाताबरुबर. सासूला कळंल का न्हाई मंग? चिखलात पायानं शोधायचं, उभ्यानं. बघनाऱ्याला वाटलं पायजे, बाई बांधाला चाललीय."

"कसं, पायानं?"

"आता ते कसं सांगू तुला."

तिनं लुगड्याचा काष्टा वर ओढला, नातीच्या खांद्यावर हात टेकला, विटांच्या कठड्यावरून एक पाय पलीकडे टाकला आणि मग दुसरा.

डावीकडच्या भिंतीवर दोन पाय उगवले, दारांएवढे. टाचांच्या भेगा, वर आलेल्या निळ्या शिरा, पसरलेली बोटं. इंद्रायणी मागे सरली. पाय जागचा हलल्यासारखा वाटत नव्हता, फक्त बोटं चिखलात एकेक करून आत जात, आतल्या आत पसरत, मिटत, आणि मग टाच न उचलता पाऊल वीतभर पुढे सरके. पुन्हा बोटं. पुन्हा वीतभर. वरचं अंग सरळ होतं, मान सरळ, नजर समोर, जणू खरंच ती बांधाला निघाली होती. दोन वर्षं इंद्रायणीनं जे अंगात आणायची धडपड केली होती, ते तिच्यापुढे चार फुटांवर चाललं होतं आणि ते नाच नव्हतं.

"दुसरा टाक कशाचा केलास?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "चांदी कुठून आणलीस?"

"माजी जोडवी. सोनार म्हनला, सवाशीन बाई तू, पाय मोकळं दिसत्याल. म्हनलं, दिसू दे." वीतभर पुढे. "मंग जत्रेतली खोटी, जर्मलची घातली. काळी पडायची. पाय पोटाशी घेऊन बसायचे मी पंगतीत."

"आज्जी, उद्या लोक आले तर... आवाज ठेवू, का काढू?"

"ठेव," कस्तुराबाई म्हणाली. "पन नाव माजं लिव. गोजराचं नको लिवू. न्हाईतर लोकं पुन्ना तिच्याच पाया पडत्याल."

इंद्रायणीला हसू आलं, आणि आलेलं हसू तोंडावर असतानाच तिनं चिखलाचा हात तोंडावर दाबला.

*

तिला बोलवायला शेवटी हौशीरामच आला होता. बाकी कुणाला धीर झाला नाही. पडदा धरून तो किती वेळ उभा होता, ते त्याला सांगता आलं नसतं.

त्यानं आधी भिंतीवरचे पाय बघितले. कुणाचे ते कळायच्या आधी, काय करताहेत ते कळलं. तो जन्मभर चिखलाच्या गावात राहिला होता. असं चालणं रोज न करणाऱ्याला येत नाही, आणि एकदा केल्यानंही येत नाही. तीन दिवसांतही येत नाही. त्याला एक पावसाळा आठवला, तो पाचवीत होता. मावशीच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या, बोटांच्या बेचक्या कुजून पांढऱ्या, आणि ती भिंतीला धरून मोरीपर्यंत जायची. इतर बायकांनी तेवढीच भातं लावली होती. त्यांना नव्हतं झालं इतकं. त्यानं तेव्हा विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, पानी बाधलं.

मग जोडव्यांचं बोलणं त्याच्या कानावर आलं. भिंतीवरच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला, मुळाशी, अजून एक बारीक खाच दिसत होती.

"कुठल्या खाचरात?" त्यानं विचारलं.

कस्तुराबाई थांबली. मान वळवली नाही. "वड्याकडल्या. आंब्यापासनं तिसरं."

"तितं आता पोहायचा हौद केलाय त्यांनी."

"म्हाईत हाय. निलेशनं न्हेऊन दावला की मला. निळं पानी हाय." तिच्या पायाची बोटं चिखलात हलत होती. "पोरं उड्या मारत व्हती."

"इकायच्या आधी सांगायचं. मी इकली नसती."

"तू जमीन ठेवली आसतीस, हे मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "मला ठेवली आसतीस का, ते कळंना."

वरचे पत्रे वाजले, थांबले. इंद्रायणी भिंतीला चिकटून उभी होती. आपण इथं नसायला हवं होतं, एवढंच तिला कळत होतं, आणि हलता येत नव्हतं. हौशीरामनं तिच्याकडे बघितलं.

"म्हातारी म्हनती तसं कर," तो म्हणाला. "तिचं नाव लिही. फोन मी करत न्हाई कुनाला."

कस्तुराबाईनं बाहेर यायला पाऊल उचललं आणि ते निघालं नाही. गाळानं धरलं होतं. हौशीराम पुढे झाला, विटांवर एक पाय देऊन त्यानं तिला दंडाला धरून वर ओढलं. ती इतकी हलकी असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं तिला कठड्यावर बसवलं. नाचून झाल्यावर पाय धुवायला म्हणून इंद्रायणीनं भरून ठेवलेली बादली कोपऱ्यात होती. ती त्यानं ओढून आणली, तांब्या बुडवला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मावशी, पाय इकडं करा."

तिनं एक पाय पुढे केला. त्यानं पाणी ओतलं, घोट्यापासून खाली हात फिरवला, मग अंगठ्यानं एकेका बेचक्यातला चिखल काढला, घाई न करता, जुन्या झेंडीच्या काठीची मूठ पुसावी तसा. त्या खाचेपाशी त्याचा अंगठा थांबला. कस्तुराबाई त्याच्या डोक्याकडे बघत होती. केस कधी एवढे विरळ झाले, तिच्या लक्षात आलं नव्हतं. त्याचे ओठ हलले. तो काहीतरी म्हणेल असं तिला वाटलं, आणि ते मावशी नसेल असंही वाटलं, म्हणून ती थांबली.

पाणी जमिनीवरून वाहून गेलं. तो तांब्या पुन्हा भरत होता. तिनं दुसरा पाय पुढे केला.